गावरान धान्याचं बी घरी कसं राखावं : सातारा-सांगलीतल्या नव्या शेतकऱ्यांसाठी

घरी पाच-दहा गुंठे रान आहे आणि गावरान शाळू (रब्बी ज्वारी), खपली गहू, नाचणी किंवा बाजरीचं बी आपल्या हातानं राखायचं मनात आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. शेती करता येते पण बियाणं नेहमी दुकानातून आणलं, असे पुष्कळ जण आहेत. नोकरी सोडून गावी परतलेलेही आहेत. दोघांनाही पहिली गोष्ट सांगायची ती ही, की वाण पोत्यात टिकत नाही, तो उभ्या पिकात टिकतो. मळणी झाल्यावर राशीतून चार शेर बाजूला काढले आणि पुढच्या साली पेरले, असं केलं की पाच-सहा वर्षांत त्या बियाण्यात सगळ्या शिवाराची सरमिसळ झालेली असते आणि नाव तेवढं जुनं उरतं. आपल्या आज्या-पणज्या कापणीच्या आधी रानात हिंडून कणसं निवडत, वेगळी बांधत आणि वाशाला टांगत. सगळी विद्या त्यात होती. खाली जे सांगितलंय ते तेच काम आहे, फक्त क्रमानं आणि कारणासहित.

आधी पीक ठरवा

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सांगलीतही शिराळ्याचा चांदोलीकडचा भाग आणि जत-आटपाडी यांच्यात तसाच जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळं 'गावरान बी' म्हणून एकच सल्ला सगळ्यांना चालत नाही.

जावळी, महाबळेश्वर, पाटण, शिराळा या डोंगरपट्ट्यात नाचणी, वरी आणि भात. कृष्णाकाठी, म्हणजे वाईपासून कराड, वाळवा, पलूस, मिरजेपर्यंत काळ्या रानात आणि पाण्याखाली खपली गहू. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या दुष्काळी पट्ट्यात खरिपाला बाजरी आणि रब्बीला शाळू. टेंभू-म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी आलं तिथं ऊस, द्राक्ष, डाळिंब वाढलं आणि शाळूचं रान आटलं. पाणी येणं चांगलंच झालं, पण त्या रानांबरोबर तिथली बियाणीही गेली. म्हणून तुमच्या गावात अजून एखादा जुना वाण असेल तर दूरच्या प्रसिद्ध वाणाच्या मागं न लागता आधी तोच धरा. तो तुमच्या मातीत, तुमच्या पावसात पिढ्यान्‌पिढ्या तावून निघालेला असतो.

आता दुसरा निकष, आणि नव्या माणसाच्या दृष्टीनं हा जास्त मोलाचा आहे : पिकाचं परागीकरण कसं होतं. नाचणी, भात, खपली ही पिकं बहुतेक स्वतःच्याच परागावर दाणा धरतात. शेजारच्या रानात दुसरा वाण असला तरी तीन मीटरचं अंतर पुरतं. शाळूत साधारण पाच ते पंधरा टक्के दाणे दुसऱ्या ताटाच्या (झाडाच्या) परागावर भरतात. बाजरीचं तर सगळंच वाऱ्यावर. तिच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात आणि पराग नंतर सुटतो, त्यामुळं पराग बहुतेक दुसऱ्या कणसाचाच लागतो. प्रमाणित बियाण्याच्या नियमात बाजरीच्या वाणाला दोनशे मीटर अंतर लागतं, पायाभूत बियाण्याला (ज्यापासून पुढं प्रमाणित बी करतात त्याला) चारशे. आपल्याकडच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत एवढं अंतर कुणाच्या बापाला मिळायचं नाही.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला : पहिलं वर्ष नाचणीवर किंवा खपलीवर हात बसवा. मग शाळू. बाजरी एकट्यानं राखायच्या भानगडीत पडू नका, ती वस्तीनं मिळून राखायची गोष्ट आहे. ती कशी, ते पुढं येतं.

बी कुठून आणायचं आणि देणाऱ्याला काय विचारायचं

गावातलीच जुनी घरं धुंडाळा. बियाणं बहुतेक वेळा बायकांच्या ताब्यात असतं. माळवदाखाली, उतरंडीत, एखाद्या डब्यात. पुरुषाला विचारलं तर "आता कुठं राहिलंय" असं उत्तर येतं आणि आतून आज्जी मडकं घेऊन बाहेर येते. आठवड्याचा बाजार, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, खरसुंडीची जनावरांची यात्रा हीही चांगली ठिकाणं. खिल्लार पाळणारा माणूस कडब्यासाठी शाळूचा वाण जपतो, त्याच्याशी बोला.

बी मागताना नुसतं बी घेऊन येऊ नका. "आज्जी, हे तुमच्याकडं कुठनं आलं? माहेरनं आणलंवतं का?" इथपासून सुरुवात करा. मग विचारा : कुठल्या रानात चांगलं येतं, माळाला की काळीत? कोणत्या नक्षत्राला पेरता? किती दिवसांनी हुरड्याला येतं? कणीस कसं असतं, गच्च की फुटकं? दाण्याचा रंग? भाकरी कशी होते? जनावर कडबा कसा खातं? कुठल्या सालात पार गेलं आणि कुठल्या सालात वाचलं? हे सगळं त्याच दिवशी वहीत उतरवा. पुढं रानात उभं राहून 'हे ताट या वाणाचं की भेसळ' असा प्रश्न पडेल तेव्हा हीच वही उपयोगी पडते.

शाळूच्या बाबतीत एक खुलासा. आपल्याकडं 'मालदांडी' म्हणून जे पेरतात ते पुष्कळदा 'एम ३५-१' असतं. स्थानिक मालदांडीतूनच निवड करून सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात ते तयार झालं आणि आजही शेतकरी घरचं बी धरून ते पेरतात. ते मिळालं तर नाक मुरडू नका. राखायला योग्यच आहे. फक्त वहीत जे खरं तेच लिहा. हुरड्यासाठी गूळभेंडी, कुचकुची, सुरती असे वेगळे वाण लोक ठेवतात, ते दाण्याच्या शाळूजवळ पेरू नयेत.

आणि हायब्रीडचं बी राखायच्या फंदात पडू नका. ज्वारीचं पहिलं संकरित वाण 'सीएसएच-१' १९६४ साली आलं, बाजरीचं 'एचबी-१' त्याच्या पुढच्या साली. संकरिताची पहिली पिढी एकसारखी आणि जोमाची. तिचं बी पेरलं की दुसऱ्या पिढीत आजोबा-पणजोबांचे गुण सुटे होऊन एक ताट उंच, एक बुटकं, एक वांझोटं. त्यात राखण्यासारखं काही नसतं. 'फुले वसुधा', 'फुले रेवती' असे विद्यापीठाचे सरळ वाण मात्र घरी राखता येतात; राखायची रीत हीच.

पेरणीआधी बी तपासा

मिळालेलं सगळं बी पहिल्याच साली पेरू नका. निम्मं मागं ठेवा. पाऊस काय करील कुणी सांगावं.

उगवण पाहायला शंभर दाणे न निवडता, हाताला येतील तसे घ्या. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. ज्वारी-बाजरीचे मोड चार-पाच दिवसांत मोजता येतात, गहू-नाचणीला आठवडा द्या. नुसता मोड मोजू नका. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेले तेवढे धरा. ज्वारी, बाजरी, नाचणीला पंचाहत्तरच्या वर, भाताला ऐंशीच्या वर, गव्हाला पंच्याऐंशीच्या वर आले की बी चांगलं. साठच आले तर टाकून द्यायचं नाही, बी थोडं दाट पेरायचं. जुन्या वाणाचे दहा दाणे जरी उगवले तरी तो वाण जिवंत आहे.

खपलीची तपासणी टरफलासकट करा. एका खपलीत बहुधा दोन दाणे असतात, म्हणून पन्नास खपल्या घेतल्या की शंभर रोपांचा हिशेब धरायचा.

बीजप्रक्रिया टाळू नका. शाळूला काणी (कणसात काळी भुकटी करणारा बुरशीचा रोग) येऊ नये म्हणून ३०० मेश, म्हणजे अगदी बारीक भुकटीचं गंधक किलोला चार ग्रॅम चोळतात. बाजरीत अरगट हा बुरशीचा रोग असेल तर दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून बी त्यात सोडा; वर तरंगेल ते हलकं, रोगट बी काढून जाळा, खाली बसलेलं स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. भाताला हेच मीठ तीन टक्के, म्हणजे दहा लिटरला तीनशे ग्रॅम. मिठाचं पाणी साधं दिसतं, पण पोकळ बी काढायला त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

बियाण्याचा तुकडा वेगळा धरा

सगळ्या रानातून बी निवडायचं नसतं. रानाच्या मधोमध, जिथं माती एकसारखी आहे, तिथं बियाण्याचा तुकडा आखा. शाळूला एक गुंठा पुरे. शंभर ग्रॅम बी, पंचेचाळीस सेंटिमीटरच्या ओळी, ताटात पंधरा सेंटिमीटर अंतर. म्हणजे गुंठ्यात सुमारे पंधराशे ताटं उभी राहतात. त्यातून शंभर-सव्वाशे कणसं निवडली तरी चार-पाच किलो बी होतं आणि तेवढ्यात एकर पेरता येतो. चारी बाजूंनी तोच वाण असला की बाहेरचा पराग आधी कडेच्या ताटांवर खर्च होतो, मधलं बी त्यामानानं शुद्ध राहतं.

शाळूची पेरणी आपल्याकडं १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, उत्तरा-हस्ताच्या पावसाच्या वाफशावर (रानात ओल बेताची झाल्यावर). शेजाऱ्यानं दुसरा शाळू पेरला असेल तर शंभर मीटर तरी लांब राहा, किंवा पेरा पंधरा-वीस दिवस मागंपुढं करा म्हणजे दोन्ही एकदम फुलोऱ्यात येणार नाहीत. फार उशीर केला तर खोडमाशी पोंगे मारते आणि पाखरांची सगळी झुंड तुमच्याच रानात उतरते, तेव्हा शक्यतो पुढं सरकण्यापेक्षा आधी पेरलेलं बरं.

एका गोष्टीकडं सहसा लक्ष जात नाही : कडवळ. हिरव्या वैरणीसाठी बांधाकडेला टाकलेलं कडवळ वेळेवर कापलं नाही तर तेही फुलतं आणि त्याचा पराग शाळूत जातो. आपलं असो की शेजाऱ्याचं, बियाण्याच्या तुकड्याजवळचं कडवळ निसवायच्या (कणीस बाहेर पडायच्या) आत कापून टाका. शेजारी वाकडा असेल तर कापायला मदत करा, वैरण त्याच्या गोठ्यात नेऊन टाका.

नाचणीला एवढा बंदोबस्त नको. तिथं धोका परागाचा नाही, मिसळण्याचा आहे. हळवी (लवकर येणारी), निमगरवी (मधली) आणि गरवी (उशिरा येणारी) अशा तिन्ही नाचण्या घरात असतात आणि तरव्याच्या (रोपं तयार करायच्या) वेळी रोपांच्या मुठी एकमेकांत जातात. वाफे वेगळे करा, मध्ये दगड लावा. हजार दाणे जेमतेम अडीच-तीन ग्रॅम भरतात. सुपाच्या फटीत राहिलेलं बीसुद्धा पुढच्या वाणात जातं.

खपली टोकून लावा. नोव्हेंबरात वाफसा धरून, सरीच्या बगलेला, ओळीत. पेरणीपेक्षा बी कमी लागतं आणि प्रत्येक रोप वेगळं पाहता येतं. बियाण्यासाठी ही सोय फार मोठी आहे.

भेसळ काढणं

तीनदा फिरा : पीक गुडघ्याला असताना, निसवताना आणि दाणा भरताना. पहिल्या फेरीत रोपाचा रंग आणि पानांची ठेवण दिसते. दुसरी फेरी सगळ्यात मोलाची, कारण पराग सुटायच्या आत परकं ताट उपटलं तर त्याचं नुकसान तिथंच थांबतं. ज्वारी-बाजरीत ही फेरी सकाळी लवकर घ्या.

काणी आलेलं कणीस दिसलं तर आधी त्यावर पिशवी चढवा, मग कापा. नाहीतर काळी भुकटी साऱ्या रानावर उडते. बाजरीत कणसाच्या जागी पानांचा झुबका आला, ज्याला आपण गोसावी म्हणतो, तर ते ताट मुळासकट उपटून जाळा.

खपलीत साधा गहू मिसळला तर ओळखायला सोपं. खपलीची ओंबी चपटी, कुसळांची आणि मळली तरी दाणा टरफल सोडत नाही. साध्या गव्हाचा दाणा लगेच उघडा पडतो. दोघांचा संकर सहजी होत नाही, कारण खपलीत गुणसूत्रं २८ आणि साध्या गव्हात ४२. खपलीबद्दल अभिमानानं सांगावं असं आणखी आहे. अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला बारा गव्हांचा एक संच ठरवला, त्यात एकाचं नाव 'खपली' असंच आहे. आपल्या बाजूच्या गव्हानं तांबेऱ्याला दिलेली टक्कर जगभरच्या प्रयोगशाळांनी वापरली आहे. गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणारं संशोधन केंद्र महाबळेश्वरलाच आहे, १९४० पासून.

निवड : सगळं काम इथं आहे

हुरडा सरून दाणा टणक व्हायला लागला की रंगीत चिंध्या किंवा लोकरीचे तुकडे घेऊन बियाण्याच्या तुकड्यात शिरा. घाई नको, दोन-तीन सकाळी यासाठीच ठेवा. घरातल्या जाणत्या बाईला बरोबर घ्या. तिला कणसात जे दिसतं ते आपल्याला उशिरा दिसतं.

पहिला नियम : बांधाकडेचं, खळग्यातलं किंवा तुटाळीशेजारचं (न उगवलेल्या मोकळ्या जागेशेजारचं) ताट घ्यायचं नाही. ते मोठं दिसतं कारण त्याला जागा, पाणी, शेण जास्त मिळालंय. ते मोठेपण मातीचं आहे, बियाण्याचं नव्हे. चारी अंगांनी शेजारी असूनही जे उठून दिसतं ते खरं.

दुसरा : तुकड्याचे डोळ्यांनी दहा-बारा चौकोन पाडा आणि प्रत्येकातून आठ-दहा ताटं घ्या. असं केलं नाही तर हात आपोआप चांगल्या मातीच्या कोपऱ्यातच घुटमळतो आणि हलक्या जागी तग धरणारं बी निवडीतून कायमचं बाद होतं. आपल्याला दुष्काळात कामाला येतं ते नेमकं तेच.

तिसऱ्या नियमावर नव्या माणसांशी माझा नेहमी वाद होतो. सगळ्यात मोठी कणसं तेवढीच निवडू नका. गावरान वाण म्हणजे एकसारख्या ताटांची फौज नव्हे. त्यात चार दिवस आधी निसवणारी ताटं असतात, चार दिवस उशिरा येणारी असतात, थोडी उंच, थोडी ठेंगणी. ओल लवकर सरली तर आधीची पिकतात; दिवाळीत पाऊस झाला तर उशिराची. दरसाल मोठ्या कणसाच्या मागं लागलात तर पाच-सात वर्षांत वाण उशिराचा, उंच आणि पाण्याचा भुकेला होतो, आणि वाईट साली हातात काही येत नाही. म्हणून शंभर कणसांत सत्तर-ऐंशी मध्यम पण सर्वांगानं चांगली, आणि उरलेल्यात थोडी लवकरची, थोडी उशिराची, असं धरा. शाळूत शंभराच्या खाली जाऊ नका, बाजरीत दोनशेच्या. नाचणी-खपलीत पन्नास-साठ झाडं पुरतात.

मग भेसळ आणि वाणाच्या पोटातली विविधता यांतला फरक कसा करायचा? उंचीत आणि दिवसांत थोडंफार पुढं-मागं असणं ही विविधता. दाण्याचा रंग, कणसाची घडण, टरफलाचा रंग एकदम वेगळा असेल तर बहुधा भेसळ. शंका आली तर उपटू नका; वेगळ्या रंगाची चिंधी बांधा आणि ज्यांच्याकडून बी आणलं त्यांना दाखवा. "हे असलं आमच्यातबी येतंय" म्हणाल्या तर ते ठेवायचं.

शाळूत काय पाहायचं? ताट सरळ उभं आहे का. बुंध्याशी दाबून पाहा. पोकळ लागलं आणि आत काळी भुकटी असेल तर तो खडखड्या रोग, कणीस कितीही भरलं असलं तरी सोडा. पानं खालपर्यंत हिरवी राहिली आहेत का, कारण ओल कमी असताना हे ज्याला जमतं तेच पुढं टिकतं. कणीस टोकापर्यंत भरलेलं, दाणा टपोरा आणि चकचकीत. एक पेर चावून पाहा; गोड, रसदार ताटाचा कडबा जनावर खाली टाकत नाही. आपल्या भागात शाळू अर्धा माणसासाठी आणि अर्धा गोठ्यासाठी असतो. कडब्याकडं पाठ फिरवून केलेली निवड इथं चालत नाही.

नाचणीत करपा पाहा. मानेवर किंवा बोटांवर काळपट डाग असलेलं कणीस घ्यायचं नाही. सगळी बोटं एकदम पिकणारं रोप घ्या, म्हणजे कापणी एका खेपेत होते.

बाजरीचं आता सांगतो. वस्तीवरच्या सात-आठ घरांनी मिळून ठरवायचं की या बाजूच्या सगळ्या रानांत एकच गावरान बाजरी. मधल्या रानातून निवड करायची आणि बी सगळ्यांनी वाटून घ्यायचं. एवढी एकी जमली नाही तर दुसरा मार्ग कागदी पिशव्यांचा : शेजारशेजारच्या चार-पाच ताटांची कणसं स्त्रीकेसर दिसायच्या आत एकत्र धरून एकाच पिशवीत बांधायची, म्हणजे ती आपसात फळतात. एकटं कणीस पिशवीत बांधू नका, स्वतःच्याच परागावर आलेली बाजरी पिढीगणिक खुरटते. असे पन्नासेक जुडगे झाले तर बी पुरतं. काम किचकट आहे, पण शेवटचं मूठभर बी हाती असेल तर हाच उपाय.

कापणी, वाळवण, साठवण

शाळूचा दाणा उपटून खालचं टोक पाहा. तिथं काळा ठिपका आला की दाणा पूर्ण पक्व झाला. चिंधीची कणसं बाकीच्या कापणीआधी, हातानं खुडा. आठ दिवस सावलीत लटकवा आणि बियाण्याची मळणी यंत्रात टाकू नका. यंत्रात दाण्याला न दिसणारे तडे जातात आणि आधीच्या शेतकऱ्याचं धान्य कोपऱ्यात राहिलेलं असतं. काठीनं बडवा, सुपात पाखडा. कणसाच्या टोकाचे आणि बुडाचे बारके दाणे खायला घ्या.

खपली बियाण्यासाठी सडायची (कांडून टरफल काढायची) नाही. टरफलासकटच ठेवायची, टरफलासकटच टोकायची. सडताना दाण्याच्या टोकाशी असलेला कोंब दुखावतो. दुकानातली सडलेली खपली आणून पेरणारे त्यामुळंच फसतात.

वाळवण सकाळच्या उन्हात, गोणपाटावर, पातळ पसरून. दुपारी तापलेल्या पत्र्यावर किंवा स्लॅबवर बी ठेवलं की ते भाजतं. दाताखाली 'कट्' आवाज करून तुटला तर दाणा वाळला. खात्रीसाठी कोरड्या बाटलीत थोडं कोरडं मीठ आणि बी घालून हलवा, दहा मिनिटांनी पाहा. मीठ काचेला चिकटलं किंवा गोळा झालं तर अजून उन्हं द्यायला हवीत. वाळलेलं बी रात्रभर सावलीत निवू द्या, मगच भरा.

बियाण्याचं आयुष्य दोन गोष्टींवर असतं, ओल आणि उष्णता. ढोबळ नियम असा, की बियातली ओल एका टक्क्यानं उतरली की ते जवळपास दुप्पट टिकतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं तरी तसंच. म्हणून पत्र्याखाली ठेवू नका, मातीच्या भिंतीच्या, थंड, अंधाऱ्या खोलीत ठेवा. थोडं बी असेल तर पक्कं वाळवून काचेच्या बरणीत, झाकण घट्ट लावून. वाळवण कच्चं असेल तर घट्ट झाकण उलट घात करतं, त्यापेक्षा मडकं बरं. चाळलेली कोरडी राख, सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, वेखंडाचे तुकडे हे सगळं अजून उपयोगी आहे. चुलीवरच्या वाशाला टांगलेल्या कणसांना धूर लागतो आणि सोंडे (दाणा पोखरणारे किडे) येत नाहीत. ज्यांच्या घरी अजून चूल पेटते त्यांनी ही रीत सोडू नये. नाचणीला कीड फारशी लागत नाही, ती वर्षानुवर्षं राहते. शाळू-बाजरी मात्र दर साल-दोन सालांनी पेरून ताजी करा.

प्रत्येक बरणीत एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर. वाणाचं नाव, गाव, कुणाकडून आलं, साल. बाहेरची गळून पडते.

थोडं धान्य दळून भाकरी करून पाहा. पीठ मळताना धरून राहतं का, थापताना कडा चिरतात का, तव्यावर फुगते का, दुसऱ्या दिवशी शिळी मऊ राहते का. हे लिहून ठेवा. खाण्यात उतरलेला वाणच घरात राहतो.

कागद आणि कायदा

२००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ नं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, बदलायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. बंदी आहे ती नाव-छाप लावून पाकिटबंद बी विकायला, तेही नोंदणी झालेल्या वाणाच्या बाबतीत. त्याच कायद्याखाली 'शेतकऱ्यांचा वाण' म्हणून नोंदणी करता येते आणि तिला फी नाही. अर्जावर गावच्या जैवविविधता समितीची, जिल्हा कृषी अधिकाऱ्याची किंवा कृषी विद्यापीठाच्या संशोधन संचालकांची शिफारस चालते. घाई करू नका. आधी दोन-तीन हंगामांच्या नोंदी आणि फोटो जमवा. वेगळेपण दाखवता आलं नाही तर अर्ज अडतो.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावच्या वहीत हा वाण आहे का ते जाऊन पाहा, नसेल तर लिहायला लावा. अडचण आली तर बोरगाव किंवा कालवड्याचं कृषी विज्ञान केंद्र, कराड आणि कसबे डिग्रजची संशोधन केंद्रं, नाचणीसाठी कोल्हापूरचं शेंडा पार्क इथं माहितगार माणसं भेटतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्याची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सुरुवात त्यांनीही घरातल्याच बियाण्यापासून केली.

बी वाटा

एकाच घरात राहिलेला वाण एका गारपिटीत किंवा एका आजारपणात जातो. म्हणून दुसऱ्याच साली बी निदान दोन घरांना द्या, शक्यतो एक आपल्याच गावात आणि एक दुसऱ्या शिवारात. जुनी वाढी-दिढीची रीत इथं बरोबर बसते : एक शेर दिला तर सुगीनंतर दीड शेर परत. आणि परत देताना राशीतलं नको, निवडलेल्या कणसांचंच हवं, हे देतानाच ठरवून घ्या. देताना वहीतलं पानही उतरवून द्या. मागितल्याशिवाय देऊ नका आणि मागणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवू नका. पहिल्या साली त्यांच्या रानात निवडीच्या वेळी स्वतः जा, कुठलं ताट घ्यायचं ते बोटानं दाखवा. पेरा बिघडला तर तुमच्याकडचं मागं ठेवलेलं निम्मं बी त्यांच्यासाठीही आहे असं सांगून ठेवा, आणि ते दर चैत्रात एकदा उन्हाला घालून, उगवण पाहून, पुन्हा भरून ठेवत जा.